द ब्लेअर विच प्रोजेक्ट : घाबरलात की वैतागलात?

आडवाट

इथे भयपटांचा कुठलाही धागा निघाला की लवकरच 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'चं नाव येतं आणि लगेच दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणतात, असा घाम दुसऱ्या कुठल्या सिनेमाने फोडला नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, तिघं जण जंगलात एकमेकांवर ओरडत फिरतात, कॅमेरा गदगदा हलतो, चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही, यात घाबरायचं काय? मूळ धागा बाजूलाच राहतो. म्हणून हा स्वतंत्र धागा. शेवटाबद्दल मोकळेपणाने बोलणार आहोत, तेव्हा पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून या. ८१ मिनिटांचा तर आहे.

उजळणी हवी असेल त्यांच्यासाठी: ऑक्टोबर १९९४ मध्ये फिल्म शिकणारे तिघं, हेदर, जोश आणि माइक, मेरीलँडमधल्या बर्किट्सव्हिल गावाजवळच्या जंगलात एका जुन्या चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करायला जातात. परत येत नाहीत. वर्षभराने त्यांनी चित्रित केलेलं सगळं सापडतं आणि आपण बघतो ते तेच, असं सुरुवातीची पाटी सांगते. पार्श्वसंगीत नाही. मेकअप केलेलं भूत नाही. रक्त म्हणाल तर जोशच्या शर्टाच्या फाटक्या तुकड्यात गुंडाळलेलं, तेही क्षणभर.

चित्रीकरण १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये आठ दिवसांत उरकलं. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शक जोडीने संवाद लिहिलेच नव्हते, फक्त ३५ पानांचा आराखडा होता. हेदर डॉनह्यू, जोशुआ लेनर्ड आणि मायकेल विल्यम्स या तिघांच्या हातात कॅमेरे आणि एक जीपीएस यंत्र देऊन त्यांना जंगलात सोडलं. ठरलेल्या ठिकाणी पोचलं की डब्यात प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी. आपली आपण वाचायची, दुसऱ्याला दाखवायची नाही. खाणं दिवसागणिक कमी केलं जात होतं. रात्री दिग्दर्शक मंडळी अंधारात येऊन तंबू हलवायची, लहान मुलांचे आवाज टेपवर लावायची. मग जवळजवळ वीस तासांच्या चित्रणातून हा सिनेमा कापून काढला. चित्रीकरणाचा खर्च ३५ ते ६० हजार डॉलरांचा, आणि जगभरची कमाई २४ कोटी ८० लाख डॉलरांच्या आसपास.

आता मुद्द्यावर येते. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, रॉजर ईबर्टने चारपैकी चार तारे दिले. पण पहिल्या दिवशी थिएटरबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारून जी श्रेणी काढतात, तिथे याला मिळाला सी प्लस. म्हणजे भरपूर लोक चिडून बाहेर पडले. याचं कारण मला असं वाटतं, की तिकीट काढलं चेटकिणीचं आणि पाहायला मिळाली तीन दमलेली, उपाशी, एकमेकांना कंटाळलेली माणसं. चेटकिणीची वाट बघत बसलात तर हा सिनेमा हमखास पडतो. त्या तिघांच्या चेहऱ्याकडे, आवाजाकडे, हळूहळू सुटत जाणाऱ्या धीराकडे बघत राहिलात तर मात्र पोटात गोळा येतो. पहिल्या दिवशी हेदर कॅमेऱ्यासमोर कशी ठासून बोलते आणि शेवटी तिचा आवाज कसा होतो, एवढंच एकदा लक्ष देऊन ऐका.

तुम्ही कुठे, कधी आणि कुणाबरोबर पाहिलात तेही लिहा. या सिनेमाच्या बाबतीत त्याने फार फरक पडतो असं दिसतंय.

पोटोमॅककाठी

छान धागा, आडवाट. मी गेथर्सबर्गला राहते आणि हा सिनेमा १९९९ च्या उन्हाळ्यात इथल्याच थिएटरात पाहिलाय, त्यामुळे लिहायलाच हवं.

तेव्हाचं वातावरण आज सांगून पटणार नाही. सिनेमाची वेबसाइट आधीपासून सुरू होती. तिच्यावर पोलिसांच्या शोधमोहिमेचे फोटो, जंगलात सापडलेल्या वस्तू, दंतकथेचा सनावळीसकट इतिहास, सगळं खरं असल्यासारखं मांडलेलं. जानेवारीत सनडान्स महोत्सवात तिघं बेपत्ता असल्याची पत्रकं वाटली होती. जुलैमध्ये साय-फाय चॅनलवर एक खोटा माहितीपट लागला, त्यात जाणकारांच्या मुलाखती वगैरे. आणि आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या साइटवर या तीन कलाकारांच्या नावापुढे 'बेपत्ता, मृत असण्याची शक्यता' असं लिहिलेलं होतं! इंटरनेटवर दिसलेलं खोटं असू शकतं हे तेव्हा लोकांच्या अंगवळणी पडायचं होतं.

सिनेमा संपला तेव्हा कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत की हसलं नाही. दिवे लागले तरी लोक खुर्चीतच. बाहेर येताना पुढच्या दोघांचा वाद चालला होता: एक म्हणत होता, ही माणसं मेली असतील तर असं तिकीट लावून दाखवणं कायद्यात बसतं का? तो अगदी मनापासून विचारत होता.

आणि हो, ते जंगल आमच्या घरापासून गाडीने अगदी जवळ आहे. गोष्ट बर्किट्सव्हिलची असली तरी चित्रीकरण बरंचसं सेनेका क्रीक स्टेट पार्कमधलं. शेवटचं पडकं घर पटॅप्स्को व्हॅली पार्कातलं.

टॉर्चवाला

मी दुसऱ्या तटाचा. आणि अजून तिथेच आहे.

हॉस्टेलवर कुणीतरी व्हीसीडी आणली होती, खोलीत आठदहा जण दाटीवाटीने बसून बघितला. पोटोमॅककाठी सांगतात ती वेबसाइट, ती पत्रकं, तो माहितीपट, यातलं काहीही आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. समोर होता तो फक्त सिनेमा. आणि सिनेमा म्हणून मला तो अपुरा वाटला. जो परिणाम साधायला पडद्याबाहेर एवढं सगळं उभारावं लागतं, तो परिणाम सिनेमाचा म्हणायचा का?

दुसरं, ही तिघं इतकं बेअक्कल का वागतात? नकाशा हेदरकडे आहे, आणि माइक तो ओढ्यात लाथाडतो, वर हसत हसत कबूल करतो. इथेच माझी सहानुभूती संपली. समोर वाहता ओढा आहे. त्याच्या काठाने खाली चालत राहा, कुठल्या तरी वस्तीला, रस्त्याला लागशीलच. शाळेतल्या पोराला कळतं हे. कथेतली माणसं केवळ कथा पुढे सरकावी म्हणून मूर्ख होतात तेव्हा मला भीती वाटत नाही, राग येतो.

कुमुद

+१ टॉर्चवाला. नकाशाच्या प्रसंगाला आमच्या घरात सगळे एकदम ओरडले होते.

घाटमाथा

टॉर्चवाला, तुमचा ओढ्याचा मुद्दा मेरीलँडपुरता बरोबर आहे. तिथल्या टेकड्या उतरणीच्या, ओढा शेवटी नदीला मिळणार. सह्याद्रीत मात्र हा सल्ला कुणी कुणाला देऊ नये. आपल्याकडे ओढा धरून उतरायला लागलात की तो सरळ कड्यावर नेऊन सोडतो, खाली दोन-तीनशे फूट कोरडा धबधबा. मागे फिरायला अंगात बळ उरलेलं नसतं. इथे वाचणारे नवे ट्रेकर असतील म्हणून आवर्जून लिहितोय.

पण मूर्खपणाच्या आरोपाशी मी सहमत नाही. वाट चुकलेली माणसं मी पाहिली आहेत आणि ती अशीच वागतात. पहिले काही तास सगळे समंजस असतात. मग पाणी कमी पडायला लागतं, 'तुला वाट माहीत आहे म्हणाला होतास' हे वाक्य येतं, आणि तिथून पुढे गटातला प्रत्येक जण वाट शोधायचं सोडून चूक कुणाची हे शोधायला लागतो. पुढे चालणाऱ्यावर सगळ्यांचा राग निघतो. हेदरवर निघतो तसाच. माइकने नकाशा फेकला कारण त्या कागदाच्या जोरावर हेदर सगळ्यांना फिरवत होती आणि त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. तर्काला धरून नाहीच ते. पण दमलेल्या माणसाचं आहे, आणि ते मला तंतोतंत पटलं.

गोल फिरण्याबद्दलही सांगतो. दिवसभर दक्षिणेकडे चालून तिघं परत त्याच ओंडक्यापाशी येतात, तो प्रसंग. ट्यूबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. जर्मनीतल्या एका मोठ्या सपाट जंगलात आणि ट्युनिशियात सहाराच्या वाळवंटात त्यांनी माणसांना सरळ चालायला सांगितलं, अंगावर जीपीएस बांधून. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी जंगलातले लोक गोल गोल फिरले, स्वतःचीच वाट ओलांडून गेले, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आपण सरळच चाललोय अशी खात्री होती!

सिनेमात त्यांच्याकडे होकायंत्र आहे, म्हणून तिथे तो प्रसंग जास्त बोचतो. होकायंत्र बिघडलं, की हेदरचं वाचायला चुकलं, की जंगलानेच फिरवलं? उत्तर दिलेलं नाही आणि देऊही नये.

निशिगंधा_पु

आमच्याकडे याला सरळ चकवा लागला म्हणतात! माझी आजी विदर्भातली. तिच्याकडून लहानपणी ऐकलेलं, की रात्री शेताच्या बांधावरून येताना माणूस तास न् तास चालतो आणि परत त्याच बाभळीपाशी येतो. अशा वेळी धावायचं नाही, जागच्या जागी बसून राहायचं आणि उजाडायची वाट बघायची. ओंडक्याचा प्रसंग बघताना मला हेच आठवलं आणि अंगावर काटा आला. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला, जी पूर्णपणे शहरात वाढली, तिला तो प्रसंग फक्त लांबलेला वाटला.

मला स्वतःला सगळ्यात भीती वाटली ती दगडांच्या ढिगांची. आधी जोशचा पाय लागून एक ढीग ढासळतो. कुणी फारसं मनावर घेत नाही. मग सकाळी तंबूची चेन उघडतात तर बाहेर तीन ढीग. माणसंही तीनच. कुणाचा आवाज नाही, पाऊल नाही. रात्री आपण झोपलेले असताना कुणीतरी शांतपणे बसून, एकावर एक दगड रचून गेलंय. तिठ्यावर उतारा टाकलेला दिसला की आपण बाजूने जातो ना, त्यात लिंबाची भीती नसते. ते कुणीतरी कुणासाठी तरी मुद्दाम करून ठेवलंय याची असते. काटक्यांच्या बाहुल्या टांगलेल्या दिसतात तेव्हाही तेच. इतक्या बाहुल्या बांधायला किती वेळ लागला असेल, आणि त्या वेळात ते जे कोण होतं ते कुठे बसलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

टॉर्चवाला

निशिगंधा, दगडांचं तुम्ही सांगितलंत ते पटलं. तीन माणसं, तीन ढीग हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नसावं, कारण खोलीत शेजारच्याचं बोलणं चालू होतं. पण घाटमाथा, माझा मूळ प्रश्न शिल्लक राहतो. खरी माणसं अशी वागतात हे मान्य. म्हणून ती बघायला रंजक होतात का? मलाही ट्रेकवर झालेली भांडणं आठवतात, ती परत पैसे देऊन बघायची इच्छा होत नाही.

फिल्मची_रिळं

शेवटच्या प्रसंगाबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून? मी संकलनाचं काम करतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

त्यांच्याकडे दोन कॅमेरे आहेत. एक रंगीत हाय-एट व्हिडिओ कॅमेरा, तो आवाजही टिपतो. दुसरा १६ मिमीचा कृष्णधवल फिल्म कॅमेरा, तो आवाज टिपत नाही. शेवटी घरात शिरतात तेव्हा व्हिडिओ माइककडे आहे आणि फिल्म कॅमेरा हेदरकडे. माइक जोशचा आवाज ऐकून जिन्याने वर धावतो, मग खाली तळघरात. काहीतरी होतं, त्याचा कॅमेरा खाली पडतो. आता चित्र हेदरच्या कॅमेऱ्यातलं, पण आवाज येतोय तो तळघरात पडलेल्या माइकच्या कॅमेऱ्यातला. म्हणून हेदर किंचाळत असते आणि तिचं किंचाळणं आपल्याला लांबून ऐकू येतं. ती जिना उतरत जाते तसतसं ते जवळ येतं. आपण तिच्या डोळ्यांनी बघतोय आणि तळघरात जे काही थांबलंय त्याच्या कानांनी ऐकतोय! दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने नंतर आवाज 'दुरुस्त' केला असता. यांनी तसाच ठेवला.

आणि मग माइक, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभा. सुरुवातीच्या मुलाखतीत एक गावकरी सहज सांगून गेलेला असतो, की दंतकथेतला खुनी रस्टिन पार मुलांना जोडीने तळघरात न्यायचा आणि एकाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात उभं करायचा. ज्याने ते वाक्य ऐकलं त्याच्यासाठी तो शेवट आहे. ज्याचं ते निसटलं त्याला फक्त भिंतीकडे बघणारा माणूस दिसतो आणि श्रेयनामावली सुरू होते. वितरकांनाही हा शेवट पटत नव्हता, त्यांनी दुसरे शेवट चित्रित करायला लावले होते. दिग्दर्शकांनी मूळचाच ठेवला. टॉर्चवाला, दाटीवाटीच्या खोलीत, बडबडीत, व्हीसीडीच्या आवाजात हे सगळं हरवणारच. हा सिनेमा कानाने बघायचा आहे.

हेदरच्या माफीच्या दृश्याबद्दलही. टोपी, एक डोळा, अर्धं नाक, एवढंच चौकटीत. नाक गळतंय, ती पुसत नाही. माइकच्या आईची, जोशच्या आईची, स्वतःच्या आईची माफी मागते. शेवटी तिच्या मागे बाहेर काही वाजतं, ती नजर वळवते आणि श्वास अडकतो. त्याची पुढे इतकी विडंबनं झाली, की मूळ दृश्य काय आहे ते लोक विसरले. एकदा विडंबन डोक्यातून काढून बघा.

कर्णपटल

थोडी वैद्यकीय भर. १९९९ मध्ये बऱ्याच थिएटरांत प्रेक्षकांना उलट्या झाल्या, काही ठिकाणी तिकीट खिडकीवर सूचना लावल्या होत्या. बातम्यांमध्ये तेव्हा 'भीतीने उलट्या' असा सूर होता, पण कारण वेगळं आहे. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की तुम्ही खुर्चीत स्थिर आहात. डोळे सांगतात की तुम्ही धावताय, वळताय, पडताय. मेंदूला दोन्ही जुळवता आलं नाही की मळमळ सुरू होते. घाटात गाडी लागते त्याचीच उलटी बाजू. ज्यांना गाडी लागते, अर्धशिशी आहे, त्यांना जास्त त्रास होतो.

घरी बघणाऱ्यांनी पडद्यापासून लांब बसावं, खोलीत एखादा मंद दिवा ठेवावा, म्हणजे डोळ्यांना स्थिर काहीतरी दिसत राहतं. अंधार करून नाकासमोर लॅपटॉप धरलात तर धावाधावीच्या प्रसंगात त्रास होऊ शकतो. तेव्हा 'वैतागले' या तटात काही जण अक्षरशः आजारी पडलेलेही होते, हे लक्षात घ्यायला हवं.

वेंगुर्लेकर

मला त्या गावाबद्दल लिहायचंय. बर्किट्सव्हिल हे खरं गाव आहे, जेमतेम दीड-दोनशे वस्तीचं. तिथे अशी कुठलीही चेटकीण नाही, दंतकथा सगळी दिग्दर्शकांनी रचलेली. पण सिनेमा आल्यावर हौशे-नवशे लोक गाड्या भरभरून येऊ लागले. गावाच्या स्वागताच्या पाट्या चोरून नेल्या, दफनभूमीत नासधूस केली. गावाला विचारून कुणी सिनेमा केला नव्हता.

आमच्या सिंधुदुर्गाने हे पाहिलंय. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा कोकणाची बदनामी होते म्हणून तक्रारी झाल्या, आणि त्याच वेळी आकेरीतला तो वाडा बघायला पर्यटकांची रांग लागली. सावंतवाडीहून जाता-येता दिसायची ती गर्दी. मालिकेने काहींना रोजगार दिला हे मी नाकारत नाही. पण मुंबईचे पाहुणे घरी आले की रात्री अंगणात उतरायला घाबरू लागले, आणि शेजारच्या देवचाराच्या जागेबद्दल उगाच काहीबाही विचारू लागले. ती आमची राखणदार देवता. वर्षाला नारळ ठेवतो, तिची भीती घालत नाही. प्रेक्षक घरी जाऊन विसरतो, गावाला ते नाव चिकटतं. पोटोमॅककाठी, तिथे आता काय परिस्थिती आहे?

मधली_ओसरी

वेंगुर्लेकर म्हणतात ते गावाबद्दल. त्याहून जास्त भोगलं त्या तीन कलाकारांनी, आणि मला या धाग्यावर तेच नोंदवायचंय.

त्यांची खरी नावं वापरली. सिनेमा गाजत होता तेव्हा त्यांना समोर येऊ दिलं नाही, कारण ती 'मेलेली' असायला हवी होती. हेदरच्या आईला सांत्वनाची कार्डं येत होती. मुलगी जिवंत, आणि आईला अनोळखी लोकांची सांत्वनं! पुढे गोल्डन रॅझी या वाईट कामांसाठीच्या पुरस्कारात हेदर डॉनह्यूला त्या वर्षीची सर्वात वाईट अभिनेत्री ठरवलं. त्याच सिनेमाला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत पाच लाख डॉलरांहून कमी खर्चातला सर्वोत्तम पहिला चित्रपट म्हणून गौरवलं. म्हणजे सिनेमा थोर, आणि तो जिच्या आवाजावर उभा आहे ती वाईट. हे मला कधीच पटलं नाही. जंगलात चुकलेली बाई गोड का दिसावी? लोकांना जो वैताग आला तो हेदर या पात्राचा होता, आणि तो येणं हेच तिचं यश होतं. शिक्षा झाली अभिनेत्रीला.

एप्रिल २०२४ मध्ये नव्या ब्लेअर विच सिनेमाची घोषणा झाली तेव्हा तिघांनी मिळून लायन्सगेटला जाहीर पत्र लिहिलं. मूळ वितरक कंपनी आर्टिझन ही २००३ पासून लायन्सगेटकडे आहे. मागण्या तीन: कलाकारांना मिळायला हवे होते ते मागचे-पुढचे मानधनाचे हिस्से द्या, आमची नावं किंवा चेहरे जिथे वापरणार तिथे आम्हाला विचारा, आणि दर वर्षी एका होतकरू दिग्दर्शकाला पहिला सिनेमा करायला ६०,००० डॉलर द्या. तिसरी मागणी वाचून मला भरून आलं. स्वतःचं सगळं बाजूला असताना नव्या मुलांचा विचार केलाय. हेदरने आता नावही बदललंय, ती रे हान्स म्हणून ओळखली जाते. जे नाव सगळ्या जगाने मेलेलं मानलं ते तिने सोडून दिलं, यात मला आश्चर्य वाटत नाही.

आडवाट

मधली_ओसरी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. धागा काढताना मी म्हटलं होतं की तिघांकडे बघा, चेटकिणीकडे नको. त्याची ही बाजू मी मांडली नव्हती, आणि ती मांडायलाच हवी होती इतकी महत्त्वाची आहे. कॅमेरा त्यांनीच धरला, संवाद त्यांनीच जागच्या जागी रचले, भुकेने आणि थंडीने जी चिडचिड झाली ती त्यांचीच. लेखन, छायाचित्रण आणि अभिनय या तिन्हींत त्यांचा वाटा आहे. त्यांना दिवसाच्या हिशोबाने पैसे देऊन बाजूला करणं अन्यायच होता.

टॉर्चवाला, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: भांडण रंजक आहे असं मी म्हणत नाही. त्या भांडणामुळे मी त्यांच्यावर विश्वास ठेवते, आणि म्हणून रात्री तंबू हलतो तेव्हा तो माझाही हलतो. हेदरला काटक्यांच्या जुडग्यात ते रक्ताळलेलं काहीतरी सापडतं तेव्हा ती माइकला सांगत नाही. आदल्या दिवशी ज्याच्यावर ओरडत होती त्याला सांभाळून घेते. आधीचं भांडण नसतं तर ते गप्प राहणं मला दिसलंच नसतं.

सायली२००४

मी सिनेमाहून लहान आहे. सगळं खोटं आहे हे माहीत असताना, फोनवर, हेडफोन लावून पाहिला. तरीही घाबरले. त्यामुळे भीती सगळी जाहिरातीची होती हे मला पटत नाही.

माझ्या वयाच्या मैत्रिणींचा एकच आक्षेप असतो, की जीव जायची वेळ आली तरी ही बाई कॅमेरा खाली का ठेवत नाही? जोश एका प्रसंगात तिच्याकडून कॅमेरा घेतो आणि तिलाच सांगतो, की तुला हा इतका का आवडतो ते आता कळलं, यातून बघितलं की सगळं पुरतं खरं वाटत नाही. मला ते वाक्य आजचं वाटलं. माझ्या डोळ्यांसमोर अपघात झालाय आणि मदत करायच्या आधी चार जणांनी फोन काढलेत, हे मी पाहिलंय. त्यांना कदाचित तसंच बघणं सोसत असेल. हेदरनेही कॅमेरा खाली ठेवला असता तर तिला ते जंगल उघड्या डोळ्यांनी बघावं लागलं असतं.

आळेफाटा

आपल्याकडच्या नव्या मुलांनी यातून धडा घ्यावा म्हणून लिहितो. मराठीत भयपट म्हटलं की पहिल्यांदा धूर, मग किंचाळणारं संगीत, मग पांढरी साडी. विशाल फुरियांच्या २०१७ च्या 'लपाछपी'ने उसाचा फड घेतला आणि भर दुपारी, लख्ख उजेडात भीती घातली. पुढे त्याचाच हिंदीत 'छोरी' झाला. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातल्या कुणालाही विचारा, वाढलेल्या उसात दोन सऱ्या आत गेलं की दिशा राहत नाही, वारा नसताना पाचट वाजतं, आणि आमच्याकडे आत बिबट्याही असतो. संध्याकाळी पोरांना फडाकडे सोडत नाही कुणी. ही भीती आमच्या रोजच्या जगण्यातली आहे, तिला सेट लागत नाही. ज्याला कमी पैशांत भयपट करायचाय त्याने आधी स्वतःच्या गावात कुठे लोक अंधार पडल्यावर जात नाहीत ते शोधावं. आणि ध्वनिमुद्रणावर पैसे वाचवू नयेत. फिल्मची_रिळं यांचा प्रतिसाद वाचल्यावर तर हे फारच पटलं.

फिल्मची_रिळं

आळेफाटा, शंभर टक्के. एक भर घालतो: याच्यानंतर हातातल्या कॅमेऱ्याचे अनेक भयपट आले, हिंदीतही आले. बहुतेकांनी फक्त हलणारा कॅमेरा उचलला. कलाकारांना आठ दिवस जंगलात ठेवणं आणि मग आठ महिने संकलन करणं, हे कुणी उचललं नाही.

टॉर्चवाला

सगळे प्रतिसाद वाचले. शेवटच्या प्रसंगातल्या आवाजाचं ऐकून परत बघावासा वाटतोय, हेडफोन लावून, एकट्याने. माइकने नकाशा फेकला ते मला तरीही मान्य होणार नाही. बघून झालं की इथेच लिहीन.

पोटोमॅककाठी

वेंगुर्लेकर, बर्किट्सव्हिल आता पुष्कळ शांत आहे, तरी ऑक्टोबरात हौशी लोक येतातच. गाव सुंदर आहे, जुनी घरं, मागे साउथ माउंटनची रांग. कुणाला जायचं असेल तर जरूर जा, फक्त दफनभूमीत फोटो काढायला शिरू नका. तिथे लोकांचे आईवडील, आजीआजोबा आहेत. जंगलच बघायचं असेल तर सेनेका क्रीकला या. पार्क सूर्यास्ताला बंद होतं, तेव्हा दिवसाच या. ऑक्टोबर मध्यानंतर पानगळ सुरू झालेली असते आणि पाऊलवाटा पानांखाली दिसेनाशा होतात, तेव्हा खुणेचे रंगीत पट्टे झाडांवर बघत चाला. मुलांना घेऊन येणार असाल तर मला व्यक्तिगत निरोप करा, मीही येईन सोबत.